चौदा चार सोळा

पत्रक माझंच होतं. पिवळा कागद, वर ठळक अक्षरांत 'कॉट बेसिसवर जागा', खाली 'फक्त मुले. नारायण पेठ, शास्त्री रस्त्यापासून चालत पाच मिनिटे. पाणी 24 तास', आणि तळाशी कात्रीने कापलेल्या दहा पट्ट्या, प्रत्येकीवर उभा छापलेला माझा मोबाइल नंबर. विसर्जन मिरवणूक संपून तीन-चार दिवस झाले होते. मांडवाच्या वाशांचे खड्डे रस्त्यात तसेच होते, आणि ढोल थांबल्यामुळे कानांना उगाच काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. पितृपंधरवडा लागला होता, म्हणून गवार महागलेली. ती महागडी गवार आणि लाल भोपळ्याची फोड पिशवीत घालून मी पालिकेच्या दवाखान्यावरून घरी येत होते, तर भिंतीवर एक नवं निळं पोस्टर दिसलं. 10 सप्टेंबर, जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन. दोन हातांचं चित्र, 'बोला, ऐकायला कुणीतरी आहे' अशी ओळ, आणि खाली टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर. नंबर 14416. तो मला आधीपासून माहीत होता म्हणून सांगते, कारण भिंतीवर वाचता येत होतं ते फक्त 144. पुढच्या आकड्यांवर माझं पिवळं पत्रक तिरकं डकवलेलं होतं.

144 म्हटलं की आमच्या पिढीला जमावबंदी आठवते. चारचौघांनी एकत्र यायचं नाही.

पत्रकं लावायला मी एका पोराला तीनशे रुपये दिले होते. 'गर्दीच्या जागी लाव रे' असं बजावलंही होतं. त्याने सांगितलं तसंच केलं होतं, दवाखान्याइतकी गर्दी कुठे असते? घरी येऊन गवार मोडत बसले, पण शिरा काढता काढता हात थांबायचा. वरच्या दोन खोल्यांत सहा कॉट. त्यांतल्या दोन रिकाम्या, म्हणून ही पत्रकं. त्या सहा कॉटवर आजवर बीड, लातूर, नांदेड, जालना, सोलापूर इथली किती मुलं झोपून गेली असतील, मोजलेली नाहीत. सगळी राज्यसेवेची नाहीतर पोलीस भरतीची तयारी करणारी. आणि त्यांच्यासारख्याच कुणासाठी तरी लावलेला नंबर मीच झाकून ठेवलेला. रात्री दोन वाजता वरच्या खोलीत दिवा लागलेला दिसला, तेव्हा ठरवलं की सकाळी जाऊन काढून टाकायचं.

साडेपाचला निघाले. हातात पाण्याचा तांब्या आणि स्वयंपाकघरातलं उलथनं. दूधवाल्याने सायकल हळू केली, पण काही विचारलं नाही. कागद भिजवला की खळीचा तो आंबूस वास येतो, शाळेतल्या हस्तकलेच्या तासासारखा. पिवळा कागद सुटला, पण एकटा नाही, खालच्या निळ्याची साल घेऊन सुटला. आता भिंतीवर एक आणि दीड चार उरले. फिरायला निघालेले एक आजोबा थांबले. "ताई, पालिकेचं पोस्टर आहे ते. का फाडताय?" मी म्हटलं, "त्याच्यावरचं माझं पत्रक काढतेय." ते म्हणाले, "म्हणजे आधी लावलंत पण तुम्हीच. वा!" आणि काठी टेकत पुढे गेले. पुण्यात पहाटे साडेपाचलाही माणसाला त्याची चूक नीट समजावून मिळते.

दवाखाना उघडल्यावर परत गेले. आत केसपेपरची रांग, फिनेलचा वास, कुणाचं तरी बाळ टोचून घेऊन केविलवाणं रडत होतं. एका आशाताईला गाठून सांगितलं की तुमचं पोस्टर माझ्याकडून फाटलं, दुसरं असलं तर द्या, मी लावते. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, मग कपाटातून पोस्टरांची सुरळी काढली. म्हणाल्या, "दोन देते. एक इथे लावा, एक तुमच्या जिन्यात लावा." जिन्यात! माझ्या तोंडून पटकन निघालं, "जिन्यात कशाला? आमच्याकडे तसलं कुणी नाही."

तसलं.

हा शब्द घेऊन घरी आले, आणि तो दिवसभर माझ्याबरोबर राहिला. कारण आमच्याकडे तसलं कुणी नाही हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं आहे, आणि ते खोटं आहे हे मला नवव्या वर्षी कळलं होतं.

कळलं ते भिंतीवरच्या कालनिर्णयमुळे. पितृपक्ष आला की आजी त्या पानावर पेन्सिलीने खुणा करायची. आजोबांचं पंचमीला, कारण ते पंचमीला गेले. पणजीचं अविधवा नवमीला. नानाकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, गेले ते नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. मला पक्कं आठवत होतं, अंगणातल्या झाडाला झोका बांधलेला होता आणि तो कुणीतरी घाईघाईने सोडून ठेवला. मग त्यांचं षष्ठीला हवं, एवढा हिशेब मला येत होता. पण आजीची पेन्सिल चौदसीपाशी थांबली. तिथे बारीक टायपात छापलं होतं, 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध'. मी विचारलं, नानाकाकांचं चौदसीला का? आजी म्हणाली, "अपघाताने गेलेल्यांचं चौदसीलाच असतं." कसला अपघात? आजी वडे थापत होती, तिचा हात क्षणभर केळीच्या पानावरच राहिला. मग म्हणाली, "जा बाहेर, तेल तापलंय."

पंचांगाने एक सोय करून ठेवली आहे, असं आता वाटतं. युद्धात मेलेला, गाडीखाली आलेला आणि स्वतः जीव दिलेला, सगळ्यांची एकच तिथी. त्यामुळे घराला 'अपघात' हा शब्द सांभाळता येतो, आणि माणसाला त्याचा घासही मिळतो. त्या दिवशी खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवार, भोपळा सगळं साग्रसंगीत व्हायचं. गच्चीवर पान ठेवलं की कावळा लगेच यायचा. बाकीच्यांच्या श्राद्धाला आजी मेलेल्या माणसाच्या आवडीनिवडी सांगायची, आजोबांना खीर घट्ट लागायची वगैरे. चौदसीला कुणी काही बोलत नसे. नानाकाकांना काय आवडायचं हे मला आजही ठाऊक नाही. ते गेल्याचं दुःख मोठं होतं, पण त्यांच्याबद्दल बोलायचं नाही हे ठरल्यामुळे ते असण्याच्या वेळचेही पुसले गेले. एक फोटो होता, तोही आत्याच्या लग्नातला. त्यात ते अर्धे खांबामागे आहेत.

मराठीत याला शब्द किती आहेत पाहा. 'आत्महत्या' हा वर्तमानपत्राचा आणि पोलिसांचा शब्द, त्यात हत्या आहे, म्हणजे मेलेला माणूसच गुन्हेगार. 'जीव दिला' हा बायकांच्या तोंडचा, विहिरीवरचा, त्यात निदान देण्याची भाषा आहे. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे 'बरंवाईट करून घेईल'. त्यात बरं कुठून आलं असेल? बहुधा वाईट एकटं उच्चारायची भीती वाटली म्हणून कुणीतरी शेजारी बरं बसवलं असावं. पुण्यात आणखी एक शब्द आहे, तो म्हणजे येरवडा. तिथे मनोरुग्णालय आहे, मोठं आहे, माणसं बरी होऊन परतही येतात, पण घराघरात त्याचा उपयोग एकच. 'फार विचार करू नकोस, येरवड्याला न्यावं लागेल.' मी स्वतः हे वरच्या मुलांना हसत हसत म्हटलेलं आहे. एकदा नाही, बऱ्याचदा.

त्यातल्या एकाला म्हटलेलं मात्र आता आठवून हसू येत नाही. परभणीकडचा मुलगा होता. चार अटेम्प्ट झाले होते. प्रिलिम निघायची, मेन्स अडकायची, एकदा तर दोन मार्कांनी. बोलायचा मोजकं, "अभ्यास करायलोय काकू" एवढंच. सात-आठ वर्षांपूर्वीचा पावसाळा. एका संध्याकाळी तो पुस्तकांचे दोन गठ्ठे सुतळीने बांधून खाली घेऊन आला. म्हणाला, "ही कुणाला तरी देऊन टाका. मला आता लागायची नाहीत." टेबलफॅनही दिला शेजारच्या मुलाला. मी काय म्हणावं? "अरे वा, सुटलास एकदाचा! आता फार डोकं नको लावू, नाहीतर येरवड्याला जागा बघावी लागेल." तो हसला. हसला असं मला आठवतंय, पण आठवण आपल्या सोयीने हसवते का, कोण जाणे. आठवड्याने तो खोली सोडून गेला. डिपॉझिट मी पंख्याचं वीजबिल कापून परत केलं.

आशाताईंनी पोस्टरबरोबर एक कागद दिला होता. पुढच्या मंगळवारी दुपारी तीन वाजता दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये दोन तासांचं प्रशिक्षण, मेसवाले, अभ्यासिकावाले, खोल्या भाड्याने देणारे यांच्यासाठी. हॉल पालिकेचा, शिकवायला एका संस्थेची माणसं. आम्ही अकराजण आलो. खुर्च्या पन्नास मांडलेल्या. मेसच्या एक बाई पोळ्यांचं पीठ हाताला तसंच घेऊन आल्या होत्या. शिकवणाऱ्या मुलीने आम्हाला 'गेटकीपर' म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेतले अभ्यासिकेचे मालक पुटपुटले, "म्हणजे आम्ही वॉचमन?" पण नंतर मला वाटलं, बरोबरच आहे. कोण किती वाजता आलं, कुणाचा डबा तसाच परत गेला, कुणी तीन दिवस अंघोळीला पाणी तापवलं नाही, हे घरच्यांच्या आधी आम्हाला कळतं. तीनशे किलोमीटरवरच्या आईला फोनवर 'जेवलो' एवढंच ऐकू येतं.

त्या मुलीने सगळ्यांना एक वाक्य मोठ्याने म्हणायला लावलं. "जीव द्यावा असं तुझ्या मनात येतं का?" अकराजणांपैकी निम्म्यांच्या घशातून ते बाहेर येईना. असं विचारलं तर नको तो विचार आपणच डोक्यात घालू, ही भीती प्रत्येकाला होती. ती म्हणाली, असं होत नाही, आजवरच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही, उलट कुणीतरी तो शब्द उच्चारला की माणसाला ओझं खाली ठेवायला जागा मिळते. आडून विचारायचं नाही. 'वेडंवाकडं काही मनात नाही ना?' असं विचारलं तर उत्तर त्यातच आहे, 'नाही'. मग ऐकायचं, उपदेश करायचा नाही, आईबापांची शपथ घालायची नाही, धोका वाटला तर एकटं सोडायचं नाही, आणि डॉक्टरकडे किंवा फोनपर्यंत आपण स्वतः बरोबर जायचं. मग तिने लक्ष ठेवायच्या गोष्टी सांगितल्या. झोप बिघडणं, माणसांतून उठणं, आपला सगळ्यांना भार होतो असं बोलणं, आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकणं.

टेबलफॅन.

मी पुढचं काही ऐकलं नाही. समोर पालिकेच्या बोधचिन्हाचा बॅनर होता, त्याच्या कडेची शिवण मोजत बसले. चहा आला, तो गारठून साय धरेपर्यंत तसाच.

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. भाडेकरूंची नावं, गावं, नंबर मी वहीत लिहून ठेवते, पोलीस चौकीत द्यायची असतात म्हणून. त्याचा नंबर होता. तो लावायला मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी कायद्याबद्दल वाचत बसले, कारण फोनपेक्षा कायदा सोपा वाटत होता. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 309 नुसार जीव देण्याचा प्रयत्न करून वाचलेला माणूस हा आरोपी असायचा. म्हणून तर दवाखान्यात नेलं की घरचे 'चुकून झालं' म्हणायचे, आणि डॉक्टरला खरं कळल्याशिवाय उपचार अर्धवट राहायचे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे उलटं केलं. तो 2018 च्या मेमध्ये लागू झाला, आणि त्याचं कलम 115 सांगतं की असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, त्याची काळजी घेणं सरकारचं काम. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात 309 घेतलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. 2017 च्या त्या कायद्याच्या मसुद्यावर काम केलेल्यांत डॉ. सौमित्र पथारे होते, आणि त्यांचं केंद्र इथे लॉ कॉलेज रस्त्यावर, आयएलएसच्या आवारात. म्हणजे माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर माणसं हे शब्द बदलायला झटत होती, आणि मी पंख्याचं वीजबिल कापत होते.

आकडेही वाचले. 2022 या एका वर्षात देशात 1,70,924 माणसं आत्महत्येने गेली, त्यातली 22,746 महाराष्ट्रातली. सगळ्या राज्यांत आपला आकडा पहिला. दरवर्षी कुठल्या कुठल्या यादीत आपण पहिले असल्याचे फलक चौकात लागतात, याचा लागला नाही. कारणांच्या रकान्यात परीक्षेतलं अपयश फार खाली आहे. वर घरगुती प्रश्न, मग आजारपण. आणि गेलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक रोजंदारीवर काम करणारे. हे वाचून मी जरा गप्प झाले, कारण पोस्टर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे अभ्यासिकेतला मुलगाच येतो. सकाळी मजूर अड्ड्यावर डबा घेऊन उभी असलेली माणसं मी रोज पाहते. दहा वाजेपर्यंत काम मिळालं नाही तर ती तशीच परत जातात, डबा न उघडता. त्यांच्यासाठी भिंत कुठली? आणि एकेका कारणाचा रकाना तरी किती खरा? नानाकाकांच्या रकान्यात कुणी काय लिहिलं असतं? तोट्यात गेलेलं दुकान, मोडलेलं लग्न, की ती झोप, जी म्हणे त्यांना सहा महिने लागत नव्हती? कुठलं तरी एक लिहून फाइल बंद करता येते, एवढंच.

पालिकेने यात काय करायचं, असं मला शेजारच्यांनी विचारलं. जिन्यातलं पोस्टर बघून ते जरा बिचकले होते. 2017 च्या कायद्यात आत्महत्या कमी करण्याचे कार्यक्रम आखणं ही केंद्र आणि राज्य सरकारची जबाबदारी म्हटली आहे. 2022 च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय धोरण आलं, त्यात 2030 पर्यंत हे मृत्यू 10 टक्क्यांनी कमी करायचं ठरलं. पण दिल्लीचं धोरण नारायण पेठेत येतं ते कुणाच्या पायांनी? पावसाळ्यात डेंग्यूची तपासणी करायला पालिकेची माणसं येतात, कुंड्यांच्या ताटल्या उलट्या करतात, कूलरमध्ये बॅटरी मारतात, अळ्या सापडल्या तर सरळ नोटीस देतात. पोलिओच्या रविवारी बोटाला शाई लावून गेलेलं पोर कुठल्या घरचं, हे त्यांना माहीत असतं. घराच्या आत पाय टाकायचा हक्क पुणेकर सहजासहजी कुणाला देत नाही, तो यांना दिलेला आहे. मी आशाताईंना हेच म्हटलं, तर त्या हसल्या. "ताई, अळी दिसते. हे दिसत नाही. पण मी बाळंतिणींना विचारते, झोप लागते का, रडू येतं का. कुणी कुणी सांगतात. मग चहा घ्यायला बसावं लागतं, आणि पुढची चार घरं राहतात."

प्रशिक्षण देणाऱ्या मुलीने एक गोष्ट सांगितली होती, ती मला सगळ्यात जास्त पटली. संस्था म्हणून ती अभ्यासिकेत गेली की मालक म्हणायचे, आमच्याकडे असलं काही नाही, नाव खराब होईल. पण पालिकेच्या सही-शिक्क्याचं पत्र घेऊन गेली की तेच मालक खुर्ची द्यायचे. शिक्का म्हणजे तुमच्याकडेच काही आहे असा संशय नाही, सगळ्यांकडेच बघतायत, पाणीपट्टीसारखं. पुण्यात 2005 पासून 'कनेक्टिंग'सारखी संस्था ऐकण्याचं काम करते आहे. ऐकणारी माणसं शहरात नाहीत असं नाही. त्यांच्यापर्यंत जायच्या रस्त्यावर शरमेचा ढीग पडलेला आहे, आणि रस्त्यावरचा ढीग उचलणं हे, माझ्या समजुतीप्रमाणे, पालिकेचं काम. नगरसेवकांकडे जावं म्हटलं तर 2025 च्या त्या सप्टेंबरात तेही नव्हते. सभागृहाची मुदत 14 मार्च 2022 ला संपली होती, तेव्हापासून प्रशासकच होता. खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. नगरसेवक असते तर पोस्टरवर वर त्यांचा हसरा फोटो, डावीकडे साहेबांचा, उजवीकडे दादांचा, तळाला शुभेच्छुकांची रांग, आणि नंबर कुठेतरी कोपऱ्यात. माझ्या पिवळ्या पत्रकाची गरजच पडली नसती.

तिसऱ्या दिवशी फोन लावला. रिंग वाजत असताना माझी जीभ टाळूला चिकटली होती. उचलला. मागे प्रिंटरचा आवाज येत होता. तालुक्याच्या गावी त्याचं दाखले काढून देण्याचं केंद्र आहे. "काकू? पुण्याच्या काकू? काही राहिलतं का खोलीचं?" मी म्हटलं, नाही रे, सहज. लग्न झालंय, मुलगी दोन वर्षांची आहे, आईचे गुडघे दुखतात. मी ते वाक्य जुळवत होते, हॉलमध्ये अकराजणांत म्हटलेलं. मी म्हटलं, "तू पुस्तकं द्यायला आला होतास ना, तेव्हा तू…" पुढचं आलंच नाही. तिकडे प्रिंटर थांबला होता. तो म्हणाला, "जाऊ द्या काकू. गेले ते दिवस." आणि मग, "तो खालचा काळा कुत्रा हाय का अजून?" मी म्हटलं, मागच्या उन्हाळ्यात गेला. "रात्री दोनला त्याला बिस्किटं द्यायला उतरायचो मी. लय वाट बघायचा." एवढं बोलून त्याने गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला. दोनला कोण जिना उतरतंय म्हणून मी कितीदा वैतागले होते. ओरडलेही होते एकदा, खालचा दिवा जळत ठेवू नको म्हणून.

पोस्टर दवाखान्याच्या भिंतीवर लावून आले, जिन्यातही लावलं. पण जिन्यातल्या पोस्टरपाशी कुणी थांबेना. मुलं त्याच्याकडे न बघता दोन-दोन पायऱ्या वर जायची, एक तर चक्क भिंतीकडे पाठ करून. मग लक्षात आलं. नंबर घ्यायचा तर तिथे उभं राहून मोबाइल काढावा लागेल, फोटो काढावा लागेल, आणि तेवढ्यात कुणी वरून आलं तर? माझ्या पिवळ्या कागदाची अक्कल जास्त होती. पट्टी ओढायची, खिशात टाकायची, चालायला लागायचं. खोली शोधणाऱ्याची लाज आम्ही सांभाळतो आणि इथे मात्र त्याला भिंतीसमोर उभं करतो.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. अर्ध्या कागदावर एवढंच, 'टेली-मानस. फुकट. रात्री-बेरात्रीही. मराठीत बोला.' आणि खाली बारा पट्ट्या, प्रत्येकीवर 14416. त्याने नंबर मोठ्याने वाचला, "चौदा-चार-सोळा. लक्षात राहायला बरा आहे की, काकू." पैसे दहाच कागदांचे घेतले, दिले पंधरा. रस्त्यावर कुठेही लावले तर विद्रूपीकरणाच्या 1995 च्या कायद्यात मीच सापडायची, त्यामुळे पालिकेच्या आकाशचिन्ह विभागाच्या वाटेला न जाता परवानगी मिळेल तिथेच लावले. आकाशचिन्ह! काय सुंदर शब्द, आणि काम काय, तर फलकांचे परवाने आणि दंड. मेसच्या बाईंनी हात धुण्याच्या बेसिनवर लावू दिला, तिथे माणूस एकटा असतो म्हणाल्या. अभ्यासिकेच्या मालकांनी दोन दिवस विचार करून पाण्याच्या कूलरमागची जागा दिली. दवाखान्यात आशाताईंनी केसपेपरच्या खिडकीजवळ न लावता जिन्याच्या वळणावर लावला. एक मी आमच्याच जिन्यात, पोस्टरच्या खाली, जिथे दिवा जरा मंद आहे.

20 तारखेला, शनिवारी, चौदस होती. आमच्याकडे आता श्राद्धाला गुरुजी वगैरे येत नाहीत, मी वडे आणि खीर करते, गच्चीवर पान ठेवते. वरची तीन मुलं सुट्टीमुळे खोलीतच होती, त्यांना जेवायला बोलावलं. लातूरच्या मुलाने विचारलं, "काकू, आज कुणाचं?" मी म्हटलं, माझ्या काकांचं. "काय झालतं त्यांना?" वडा तेलात फुगत होता. मी म्हटलं, "त्यांनी जीव दिला होता." तिघंही एकदम गप्प झाले, आणि मग त्यांच्यातल्या सगळ्यात धाकट्याने विचारलं, "त्यांना काय आवडायचं?" मी म्हटलं, माहीत नाही रे, कुणी सांगितलंच नाही. "मग खिरीत वेलची घाला," तो म्हणाला, "वेलची सगळ्यांना आवडती."

जेवून झाल्यावर पान घेऊन गच्चीवर जाताना जिन्यात थांबले. बारातल्या दहा पट्ट्या उरल्या होत्या. सकाळी अकरा होत्या, मी मोजल्या होत्या.